सूतिकाज्वर ते हृद्रोग : एका जंतूचा माग

आपल्या बऱ्हाणपुराच्या इतिहासात १७ जून १६३१ हा दिवस प्रसिद्ध आहे. त्या दिवशी बादशहा शहाजहानची बेगम मुमताज महल हिने चौदाव्या अपत्यास जन्म देऊन येथेच अखेरचा श्वास घेतला. तापीपलीकडे जैनाबादेस तिचे पहिले दफन झाले. ताजमहाल ही पुढची गोष्ट. त्या काळी राजवाड्यात काय किंवा विणकराच्या झोपडीत काय, बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्मच समजला जाई. कोणी अडून दगावे, कोणी रक्तस्रावाने, तर कोणी प्रसूती सुखरूप होऊनही दोन-चार दिवसांनी चढणाऱ्या तापाने. या शेवटच्या तापास सूतिकाज्वर म्हणतात. ज्या जंतूमुळे हा ताप विशेषेकरून येतो, तोच जंतू शाळकरी मुलांच्या घशात शिरून पुढे त्यांच्या हृदयास घातक ठरतो. म्हणून त्याची हकिकत विद्यार्थ्यांनी व त्यांच्या घरच्यांनी जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

ही हकिकत व्हिएन्ना शहरातील एका मोठ्या इस्पितळात घडली. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभर मातांमागे सुमारे ११ माता दगावल्या. दुसऱ्यात हे प्रमाण तीनांहूनही कमी होते. शहरातील गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात नेऊ नका, म्हणून त्या हातापाया पडत. वाटेतच, रस्त्याच्या कडेला बाळंत झालेल्या स्त्रियांनाही हा ताप क्वचितच येई!

इग्नाझ सेमेलवाईस हा हंगेरीचा तरुण डॉक्टर तेथे काम करीत होता. त्याने एकेक कारण तपासून पाहिले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागात अधिक. दूषित हवा म्हणावी, तर दोन्ही विभाग एकाच आवारात. मरणासन्न रुग्णाकडे जाणारा पाद्री घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जातो, त्या धास्तीने बायका आजारी पडत असतील, असाही एक तर्क होता. सेमेलवाईसने पाद्र्याची वाट बदलवून पाहिली. काही फरक पडला नाही. पुढे मार्च १८४७ मध्ये कोलेत्श्का नावाचे त्याचे एक ज्येष्ठ सहकारी वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटास लागली होती, आणि त्यांच्या शरीरात जे विकार आढळले ते सूतिकाज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या विकारांसारखेच होते. उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी शवागारातून सरळ प्रसूतिगृहात येत. सुइणींना शवागाराचे काम नसे. मृत्यू त्यांच्याच हातांवरून येत होता. सेमेलवाईसने मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यू शंभरी सव्वाच्या आसपास उतरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जंतू म्हणजे काय, हे सेमेलवाईसला माहीत नव्हते. त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नव्हता. होते ते दोन विभागांचे आकडे आणि त्यांची तुलना. साथरोगशास्त्र म्हणतात ते हेच. एवढे असूनही पुष्कळ डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. आपल्याच हातांनी रुग्ण मारले, हे कबूल करणे कोणाला सोपे जाणार! १८६५ च्या ऑगस्टमध्ये तो एका वेड्यांच्या इस्पितळात वारला. कारण, जखमेतून रक्तात भिनलेले विष. त्याच महिन्यात ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाचा पहिला यशस्वी प्रयोग केला.

१८७९ साली पॅरिसच्या एका सभेत लुई पाश्चर यांनी फळ्यावर माळेसारखे ठिपके काढून सूतिकाज्वराचा जंतू दाखविला. त्यालाच आज स्ट्रेप्टोकॉकस म्हणतात. १९३३ साली अमेरिकेतील रेबेका लान्सफील्ड या विदुषीने या कुलाचे गट पाडले. त्यांतील ‘अ’ गटाचा जंतू मुलांच्या घशातही सापडतो.

घसा दुखण्याचे बहुतेक प्रकार विषाणूंचे असतात व आपोआप बरे होतात. परंतु सर्दी-खोकला नसताना एकाएकी ताप येणे, गिळताना घसा फार दुखणे व मानेतील गाठी सुजणे, अशी लक्षणे दिसल्यास या जंतूचा संशय घ्यावा. औषधोपचार न झाल्यास अशा शंभर मुलांपैकी फार तर तिघांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो. शरीराने जंतूशी लढण्यासाठी जी द्रव्ये निर्माण केली, ती हृदयाच्या झडपांनाच शत्रू समजून त्यांवर उलटतात. मुख्यतः पाच ते पंधरा या वयात, म्हणजे ऐन शाळेच्या वयात, हा आजार होतो. सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या मनगट. काही मुलांचे हातपाय आपोआप झटके देऊ लागतात. अक्षर बिघडते, हातातून पेन्सिल गळते, आणि बिचाऱ्यास गुरुजींकडून धांदरटपणाबद्दल बोलणी बसतात! अशा मुलास छडी नको, डॉक्टर हवा.

दाट वस्तीत, एका खोलीत सात-आठ जण निजत असतील तेथे, हा जंतू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातो. यंत्रमागांच्या खडखडाटात दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या गावास हे वेगळे सांगावयास नको. उपाय मात्र महाग नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन दिल्यास ऱ्हुमॅटिक ताप बहुधा टळतो, हे अमेरिकन सैनिकांवरील अभ्यासात दिसून आले. आणि हा जंतू पेनिसिलिनपुढे अद्याप नमतो. ताप एकदा येऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई अनेक वर्षे घ्यावी लागते. मूल हसते-खेळते दिसू लागले की ही सुई बंद होते, आणि पुढच्या दुखण्याची सुरुवात तेथेच होते.

झडप आकसण्यास वर्षे लागतात. कित्येक मुलींना त्याचा पत्ता पहिल्या गरोदरपणात लागतो. त्या काळी शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते, अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे जाईना की धाप लागते. ज्या जंतूने व्हिएन्नाच्या माता नेल्या, तो अशा रीतीने बालपणीच्या घशातून पुन्हा प्रसूतिगृहाच्या दारी येतो. बिघडलेली झडप फुग्याने रुंद करता येते किंवा बदलता येते. १९९० साली तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत भारतीय बनावटीची कृत्रिम झडप प्रथम बसविण्यात आली. परंतु इस्पितळाचा धोका तेथेही सुटत नाही. सलाईनची नळी वा अस्वच्छ हात यांवाटे स्टॅफिलोकॉकससारखे जंतू रक्तात शिरले, तर ते खडबडीत किंवा कृत्रिम झडपेवर ठाण मांडतात. म्हणून झडपेचा विकार असणाऱ्याने दात काढण्यापूर्वीसुद्धा डॉक्टरांस तो सांगितला पाहिजे.

आता वडीलधाऱ्यांविषयी थोडेसे. छातीच्या जंतुसंसर्गानंतर हृदयविकाराचा झटका अधिक येतो काय? येथे आकडे फसवू शकतात. कारण न्यूमोनिया होणारे लोक बहुधा वृद्ध, धूम्रपानी, आधीच दुर्बल. २००४ साली ब्रिटिश संशोधकांनी यावर नामी युक्ती योजली. त्यांनी एका माणसाची दुसऱ्याशी तुलना न करता प्रत्येकाची त्याच्याच निरोगी दिवसांशी केली. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर पहिल्या तीन दिवसांत झटक्याचा धोका सुमारे पाचपट आढळला आणि पुढील आठवड्यांत तो हळूहळू ओसरला. संसर्गाच्या दाहामुळे रक्त गोठण्याकडे झुकते व रक्तवाहिन्यांतील चरबीचे थर अस्थिर होतात, असे याचे कारण देतात. तेव्हा न्यूमोनियातून उठून घरी आलेल्या आजोबांनी पहिल्या महिन्यात छातीत दुखते म्हटले, तर पित्त समजून ओवा-सोडा देत बसू नये. त्याच घटकेस त्यांना इस्पितळात न्यावे.