जुन्या बदकांत नवी बदके मिसळताना



आपल्या कृष्णा-कोयनाकाठी कोंबड्या घरोघर असतात, बदके मात्र एखाद्याच वस्तीवर. ज्यांनी ती पाळली आहेत त्यांच्यापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच. चार-सहा बदके आहेत, त्यांत आणखी आणायची आहेत. कधी जुनी अंड्याला थकतात म्हणून, कधी कोल्ह्या-मुंगसाने दोन-चार नेली म्हणून. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी मळ्यांत शिरले, तसे पुन्हा झाले तर त्यानंतरही हीच वेळ येते. बदक बुडत नाही हे खरे, पण लोंढ्याबरोबर वाहून जाते ते जातेच.

मग बाजारातून नवी पाखरे आणायची आणि संध्याकाळी डालग्यातून थेट जुन्यांत सोडायची, ही आपली रीत. सकाळी बघावे तर एखादे रक्ताळलेले, एखादे कोपऱ्यात मान घालून बसलेले, आणि जुन्यांची अंडी बंद. नुकसान दोन्हीकडून. घरातल्या बाईमाणसाच्या हातखर्चाचा पैसा बहुधा या अंड्यांतूनच येतो, तेव्हा ही बाब लहान समजू नये.

पाखरांत मानपान असतो. कोण आधी खाणार, कोणी कोणाला वाट द्यायची, हे ठरलेले असते. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एबे या अभ्यासकाने कोंबड्या कोणाला टोचतात, कोणाचे टोचणे सहन करतात याच्या नोंदी करून १९२२ च्या सुमारास ही उतरंड शास्त्रात मांडली. बदकांतही ती असते. बदक चोचीने टोचण्यापेक्षा छातीने रेटते, मानेची पिसे धरून ओढते. नवे पाखरू आले की उतरंड पुन्हा लावावी लागते आणि त्यासाठी झटापट होते. सारख्या अंगाची असतील तर दोन-तीन दिवसांत मिटते. अंगात फरक मोठा असेल तर मिटत नाही, कारण लहान्याला माघार घ्यायलाही ताकद आणि जागा लागते.

इथेच घोटाळा होतो. आपण वय बघतो, वजन बघत नाही. खाकी कॅम्पबेल ही अंड्याची जात. पूर्ण वाढलेली मादी दोन किलोच्या आसपास. पांढरे पेकिन हे मांसाचे. मोठे झाले की साडेतीन-चार किलो. दोन्हींची पिल्ले एकाच दिवशी फुटलेली असली तरी सातव्या आठवड्यात पेकिन अडीच किलोकडे गेलेले असते आणि कॅम्पबेल त्याच्या जवळपास निम्म्यावर. मस्कोव्ही जातीचा नर तर याहून दांडगा. म्हणून आम्ही सांगतो, ताजव्यात घालून बघा. नवे पाखरू तुमच्या सर्वांत लहान बदकाच्या जवळपास आले की मगच एकत्र करा. आणि एकटे कधीच सोडू नका, दोन-तीन बरोबर सोडा. मार वाटला जातो.

पण त्याही आधी रोगाचा विचार. नवी पाखरे निदान तीन आठवडे अगदी वेगळी, जुन्यांपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावीत. चारापाणी आधी जुन्यांचे, नंतर नव्यांचे. भांडी वेगळी, पायातली चप्पलसुद्धा वेगळी. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, हे आपण वाचले आहे. कोंबडी या रोगाने पटापट मरते. बदक मात्र तोच रोग अंगात वागवून वरून धडधाकट दिसू शकते. शेजारी कोंबड्या असतील तर हे तीन आठवडे दुप्पट महत्त्वाचे. बदकांच्या प्लेगची लस टोचलेली आहे की नाही तेही विचारून घ्यावे. नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

त्यानंतर आठ-दहा दिवस दोन्ही कळप जाळीच्या दोन बाजूंना. एकमेकांना दिसावीत, आवाज ऐकू यावा, पण चोच पोचू नये. खाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर ठेवली की शेजारी बसून खाण्याची सवय लागते. जाळी काढायची ती दिवसा, तुम्ही घरी असाल तेव्हा, आणि मोकळ्या पटांगणात. खुराड्यात नव्हे. खुराड्यात पळायला वाट नसते. पहिले दोन-चार दिवस तासभर एकत्र, मग वेगळी. असे करत वाढवावे. खाण्यापाण्याची भांडी एकाऐवजी तीन ठिकाणी मांडावीत, म्हणजे दांडगे बदक एकावर पहारा देत बसले तरी बाकीच्यांना खायला मिळते.

लहान पाखरांसाठी एक सोपी सोय आहे. कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचे कुंपण घालून लहान बदक जाईल, मोठे अडेल एवढीच फट ठेवायची आणि आत त्यांचे खाणे-पाणी. खाण्याचेही बघा : अंड्यावरच्या पाखरांच्या खाद्यात चुना जास्त असतो, तो वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडाला बाधतो. एकत्र असताना सगळ्यांना वाढीचे खाद्य द्यावे आणि अंडी देणाऱ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र कोणालाच नको. त्यातले विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर भोवते. बिछायतीला पाचट घालता, जरूर घाला. ओले झाले की बदला.

नरांचा हिशेब वेगळा. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे. जास्त झाले की ते एकाच मादीच्या मागे लागतात, मानेवरची पिसे जातात, पाठ सोलवटते; दांडगा नर आणि हलकी मादी असेल तर पायही निकामी होतो. शेपटीवर वळलेले पीस असले आणि आवाज घोगरा असला की तो नर, गलका करणारी ती मादी. (मस्कोव्हीला हा नियम लागू नाही.) जास्तीचे नर नवी पाखरे आणण्यापूर्वीच विकून टाकावेत.

पाण्याचे राहिले. आधी उथळ पाणीच द्यावे, पाय टेकतील एवढे. खोल पाण्यात दोन-तीन नरांनी लहान मादीला दाबून धरले तर ती गुदमरून मरते. आईविना वाढलेल्या पिलाची पिसे सुरुवातीला पाणी धरतात, आणि हौदाची भिंत उभी असली तर त्याला बाहेर पडता येत नाही. हौदात दगड रचून उतार करावा.

पाठलाग, फुसफुस, मान धरून क्षणभर ओढणे, हे चालायचेच. तिथे काठी घेऊन धावू नये. रक्त निघाले, एखादे पाण्याजवळ येईनासे झाले किंवा दिवसभर एका जागी बसून राहिले तर ते काढून पुन्हा जाळीपलीकडे ठेवावे आणि चार दिवसांनी सोबत्यासह सोडावे. जुन्यांची अंडी या काळात कमी होतात, कधी आठवडाभर बंदही पडतात. घाबरून खाद्य बदलू नका. बदके अंडी पहाटे घालतात, तेव्हा सकाळी आठ-नऊपर्यंत त्यांना आतच ठेवा, म्हणजे कोणते पुन्हा अंड्याला लागले ते कळेल आणि अंडी उसाच्या सरीत जाणार नाहीत.