बरणीतील बेणे

ज्वारी, बाजरी किंवा हरभरा यांचे बी पेरतात, हे तुम्हांस ठाऊक आहे. परंतु बटाट्याची लागवड करताना शेतकरी सहसा बी पेरीत नाही. तो बटाटाच जमिनीत पुरतो. बटाट्याच्या अंगावर ज्या बारीक खाचा दिसतात, त्यांना डोळे म्हणतात. या डोळ्यांतून कोंब फुटतात व नवे झाड उभे राहते. हळद, आले आणि सुरण यांचीही लागवड कंदांपासूनच होते. रताळ्याच्या वेलाचे तुकडे तोडून लावतात. लागवडीसाठी वापरावयाच्या अशा कंदास किंवा वेलाच्या तुकड्यास बेणे असे म्हणतात.

बेण्यापासून वाढलेले झाड मूळ झाडासारखेच निपजते, हा बेण्याचा मोठा गुण होय. परंतु या गुणातच एक संकट लपलेले आहे. मूळ झाडाला रोग असेल, तर तोही बेण्याबरोबर पुढच्या पिढीत उतरतो. बटाट्याचे काही रोग विषाणूंमुळे होतात. हे विषाणू इतके सूक्ष्म असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ते दिसत नाहीत. मावा नावाची बारीक कीड झाडांचा रस शोषते आणि एका झाडातील विषाणू दुसऱ्या झाडात नेऊन सोडते. कंद वरून निरोगी दिसतो. शेतकरी तो बेण्यासाठी राखून ठेवतो. पुढच्या हंगामात पाने गुंडाळतात, झाड खुरटते आणि बटाटे लहान पडतात. शेतकऱ्याला वाटते, जमिनीचा कस गेला. वास्तविक दोष बेण्याचा असतो. अशा झाडावर कोणतेही औषध फवारले, तरी आत शिरलेला विषाणू निघत नाही. मग निरोगी बेणे विकत आणण्यावाचून उपाय उरत नाही, आणि गरिबाला तेच परवडत नाही.

या संकटातून वाट कशी निघाली, ते आता पाहू. वनस्पतीचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. एकत्र राहून एखादे काम करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. वनस्पतीचा एखादा लहानसा भाग वेगळा काढून काचपात्रात वाढविण्याच्या विद्येस ऊतिसंवर्धन असे नाव आहे. 1902 साली हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने सुट्या पेशी अशा रीतीने वाढवून पाहिल्या. त्या काही काळ जगल्या, परंतु त्यांचे विभाजन झाले नाही. तरी त्याचा विचार वाया गेला नाही. फ्रान्समधील मोरेल आणि मार्तँ या शास्त्रज्ञांनी 1952 साली रोगट डेलियाच्या कोंबाचे अगदी टोक कापून काचनळीत वाढविले, आणि त्यातून विषाणुमुक्त रोप मिळविले. 1955 साली त्यांना बटाट्यातही हेच साधले. विषाणू मुख्यतः झाडाच्या रसवाहिन्यांतून प्रवास करतात. कोंबाच्या टोकाशी या वाहिन्या अद्याप तयार झालेल्या नसतात. म्हणून रोगट झाडातही ते टोक पुष्कळदा निर्मळ राहते. मात्र हा तुकडा मिलिमीटरहूनही लहान असावा लागतो.

असे एक निरोगी रोप हाती आले, की पुढचे काम सोपे असते. रोपाच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा असतो. रोपाचे एकेका पानासह तुकडे करून ते पोषक द्रव्यात ठेवले, म्हणजे साधारणपणे महिन्याभरात प्रत्येक तुकड्याचे नवे रोप होते. समजा, एका रोपाचे पाच तुकडे झाले. पहिल्या महिन्यात 5, दुसऱ्या महिन्यात 25, तिसऱ्या महिन्यात 125, याप्रमाणे सहाव्या महिन्याच्या शेवटी 15,625 रोपे होतील. काही रोपे मरतात, म्हणून प्रत्यक्षात संख्या कमी भरते. तरीही शेतात बटाट्यापासून बटाटा वाढविण्यापेक्षा ही रीत कितीतरी वेगवान आहे.

पण येथे खर्चाची अडचण उभी राहते. पोषक द्रव्यात क्षार, जीवनसत्त्वे व साखर घालतात, आणि ते थिजावे म्हणून समुद्रातील शेवाळापासून काढलेला आगर मिसळतात. अशा गोड द्रव्यावर बुरशी व जंतू तत्काळ तुटून पडतात. म्हणून सर्व वस्तू दाबाखालील वाफेने निर्जंतुक कराव्या लागतात. त्यासाठी प्रयोगशाळेत मोठी यंत्रे, शुद्ध रसायने, विजेचे दिवे आणि थंड खोल्या असतात. साध्या शेतकऱ्याला हे कसे शक्य व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर व्हिएतनाममधील शेतकऱ्यांनी दिले. त्या देशाच्या दक्षिण भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटर उंचीवर, दालात हे थंड हवेचे गाव आहे. तेथे भाजीपाला व बटाटा पिकतो. तेथील दीर्घ युद्ध 1975 साली संपले, तेव्हा देशाची स्थिती हलाखीची होती आणि चांगले बेणे मिळणे दुरापास्त झाले होते. तेव्हा बटाट्याच्या निवडक वाणांची काचनळीतील रोपे तेथे आणण्यात आली. ती वाढविण्याचे काम काही शेतकरी कुटुंबांनी स्वतःच्या घरी सुरू केले. काचपात्रातून काढलेली रोपे ते वाफ्यात लावीत. त्यांचे शेंडे खुडून, माती व खत भरलेल्या केळीच्या पानांच्या लहान द्रोणांत मुळे फुटेपर्यंत ठेवीत. आणि मग ती रोपे शेजारच्या शेतकऱ्यांना विकीत. 1983 साली या कामाचा वृत्तान्त बटाट्याच्या अभ्यासास वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अन्य देशांतील संशोधकांनीही खर्च कमी करण्याच्या युक्त्या शोधल्या. निर्जंतुक करण्याच्या यंत्राऐवजी स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर चालतो. कारण दाबामुळे त्यातील उष्णता 100 अंशांच्या पुढे, सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, आणि नुसत्या उकळण्याने न मरणारे जंतूही त्यात नष्ट होतात. शुद्ध रासायनिक शर्करेऐवजी घरातील साखर, काचनळ्यांऐवजी मुरांब्याच्या बरण्या आणि दिव्यांऐवजी खिडकीतील उजेड उपयोगी पडतो. महागड्या आगराऐवजी साबुदाण्याचा प्रयोग झाला आहे. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी 1998 साली असे दाखवून दिले, की आपल्याकडे औषध म्हणून घेतात तो इसबगोलही आगराचे काम करू शकतो.

मात्र काटकसर कोठे करावी, याप्रमाणेच ती कोठे करू नये, हेही ओळखले पाहिजे. बरणी स्वस्त असली तरी चालते. ती अस्वच्छ असून चालत नाही. न धुतलेल्या हाताच्या एका स्पर्शाने महिन्याचे श्रम बुरशीच्या स्वाधीन होतात. बरणीतील रोप नाजूक असते; त्याला बाहेरच्या ऊनवाऱ्याची सवय हळूहळू लावावी लागते. शेतात गेल्यावर मावा त्याच्यावरही येतो. म्हणून काही हंगामांनी पुन्हा निरोगी बेणे घ्यावे लागते. आणखी एक सावधगिरी महत्त्वाची आहे. एकाच रोपापासून निपजलेली सर्व रोपे सारखी असतात. एकीला जो रोग मारील, तो सर्वांना मारील. आयर्लंडमधील गरीब जनता बहुतांशी बटाट्याच्या एकाच वाणावर जगत होती. 1845 साली त्या पिकावर करपा पडला, आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मृत्युमुखी पडली. म्हणून बरण्या कितीही असल्या, तरी त्यांत वाण एकच असू नये.

महाराष्ट्रात आज केळीच्या बागांसाठी ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे मोठ्या प्रमाणावर लावतात. ती मोठ्या प्रयोगशाळांतून येतात. दालातच्या शेतकऱ्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांच्यापाशी यंत्रे नव्हती. पण रोपाला खरोखर कशाची गरज आहे, हे त्यांनी नीट जाणून घेतले. रोपाला हवे असते अन्न, प्रकाश आणि निर्मळपणा. हे तिन्ही पुरविण्याची रीत ज्याला समजली, त्याच्या घराच्या खिडकीतही प्रयोगशाळा उभी राहू शकते.

अभ्यास

1. बी आणि बेणे यांत काय फरक आहे? दोन्हींची प्रत्येकी तीन उदाहरणे द्या.
2. रोगट झाडाच्या कोंबाचे टोक बहुधा निरोगी का असते?
3. दालातच्या शेतकऱ्यांनी बटाट्याची रोपे कशी वाढविली, ते आपल्या शब्दांत लिहा.
4. कारणे द्या : (अ) पोषक द्रव्य निर्जंतुक करावे लागते. (आ) शेतात एकाच वाणाची लागवड करणे धोक्याचे असते.
5. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : दुरापास्त, हलाखी, निर्मळ, काटकसर.
6. एका रोपाचे दर महिन्यास चार तुकडे होत असतील, तर सहा महिन्यांनी किती रोपे होतील?