ते पिल्लू : कोंबडा की कोंबडी?

प्रस्तावना

तो कोंबडा, ती कोंबडी आणि ते पिल्लू. ही तीन नामे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. त्यांतील 'पिल्लू' हे नाम नपुंसकलिंगी आहे. मोठेपणी पिल्लाचा कोंबडा होणार की कोंबडी, हे आज दिसत नाही. भाषेनेही तो निर्णय पुढे ढकलला आहे. परंतु अंड्यांसाठी पिल्ले विकत घेणाऱ्या माणसाला हा निर्णय पुढे ढकलून चालत नाही. त्याचे कष्टाचे पैसे त्यात गुंतलेले असतात. या पाठात आपण पिल्लांची ओळख, नर-मादीची पारख आणि पिल्लांचा निवारा यांविषयीचा माहितीपर लेख वाचणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
- नवीन आणलेले पिल्लू कोणत्या पक्ष्याचे व कोणत्या प्रकारचे आहे, याचा अंदाज बांधणे;
- नर-मादी ओळखण्याच्या शास्त्रीय रीती आणि लोकसमजुती यांत फरक करणे;
- पिल्लांच्या वागण्यावरून त्यांना ऊब कमी पडते की जास्त होते, हे सांगणे;
- प्राण्यांच्या पिल्लांची नामे व त्यांचे लिंग ओळखणे.

मूलपाठ

१. पंचवीस पिल्ले

लखनौ शहराचे आणि कोंबड्यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नबाब असफउद्दौला यांच्या काळी तेथे झालेल्या कोंबड्यांच्या झुंजीचे चित्र योहान झोफनी या चित्रकाराने रंगविले आहे. झुंजीचा तो शौक नबाबांचा होता. मी लखनौला राहत होतो, तेव्हा पाहिलेली कोंबड्यांची हौस मात्र अगदी साध्या घरातील होती.

आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहत असे. घरातील वृद्ध बाईंना सारी आळी मावशी म्हणे. शिवणकामातून साठवलेल्या पैशांतून मावशींनी जानेवारीच्या एका सकाळी फेरीवाल्याकडून पंचवीस पिल्ले घेतली. काही गुलाबी, काही हिरवी, काही जांभळी. 'सगळ्या माद्याच आहेत, पाच महिन्यांत अंडी सुरू होतील', असे फेरीवाल्याने सांगितले होते. मावशींनी पिल्ले एका खोक्यात ठेवली, खाली वर्तमानपत्र अंथरले आणि वर गोणपाट टाकले. लखनौला जानेवारीत रात्रीचे तापमान सात-आठ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. तीन रात्रींत अकरा पिल्ले दगावली.

उरलेली चौदा मावशींनी जिवापाड जपली. रंग उडून ती पांढरी झाली. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे त्यांतल्या एकाने बांग दिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने दिली. महिना संपता संपता चौदाही जण आरवू लागले. मावशी हसत म्हणाल्या, "अहो, अंडी राहू द्या, आता घड्याळाची तरी गरज उरली नाही!" पण साठवलेले पैसे गेले होते आणि ते काही हसण्यासारखे नव्हते.

मावशींचे नेमके काय चुकले? तीन गोष्टी त्यांना कोणी सांगितल्या नव्हत्या : पिल्लू कोणते, ते नर की मादी, आणि त्याला ठेवायचे कसे.

२. पिल्लू कोणते?

प्रथम पक्षी ओळखावा. कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत अंड्यातून बाहेर येते. त्याचे वजन साधारण ३५ ते ४५ ग्रॅम असते, चोच टोकदार असते आणि बोटे सुटी असतात. बदकाच्या पिल्लाची चोच चपटी असून बोटांमध्ये पडदा असतो. जपानी लावा सतरा-अठरा दिवसांत उबतो. त्याचे पिल्लू अंगठ्याएवढे, तपकिरी व पिवळ्या पट्ट्यांचे असून वजनाने दहा ग्रॅमच्या आतबाहेर भरते.

यानंतर जात पाहावी. पांढऱ्या लेगहॉर्नचे पिल्लू पिवळे असते, तर ऱ्होड आयलंड रेडचे तांबूस तपकिरी. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे पिल्लू निळसर काळे असते व त्याच्या पाठीवर गडद, अनियमित पट्टे असतात. उघड्या मानेच्या जातीचे पिल्लू जन्मतःच मानेवर पिसांविना असते. गुलाबी किंवा हिरवी जात मात्र जगात कोठेही नाही. तो केवळ रंग असतो; नवी पिसे आली की तो नाहीसा होतो.

परसातील पालनासाठी आपल्या देशात अनेक सुधारित प्रकार तयार झाले आहेत. हैदराबाद येथील संशोधन संस्थेने 'वनराजा' व 'ग्रामप्रिया' विकसित केले. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली. तिने असीलपासून 'कारी-निर्भीक' आणि कडकनाथपासून 'कारी-श्यामा' हे संकर घडविले. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. अशा ठिकाणाहून पिल्ले घेतल्यास जात, वय आणि लसीकरण यांची खात्री करून घेता येते.

घेताना पिल्लू हातात धरून पाहावे. डोळे चमकदार, बेंबी पूर्ण मिटलेली व कोरडी, गुदद्वाराजवळची लव स्वच्छ आणि पाय सरळ असावेत. उलथे ठेवले तर निरोगी पिल्लू चटकन उठून उभे राहते.

३. नर की मादी?

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, किंवा पिल्लावर दोरा-अंगठी धरली असता ती गोल फिरली तर मादी असते, अशा समजुती अनेक ठिकाणी ऐकू येतात. त्यांना आधार नाही. सरमिसळ पिल्लांत सुमारे निम्मे नर असतात. म्हणून अशी कोणतीही समजूत निम्म्या वेळा खरी ठरते आणि लोकांना तेवढीच वेळ आठवते.

शास्त्रीय रीती मुख्यतः तीन आहेत.

पहिली रीत गुदद्वाराच्या परीक्षेची. एक दिवसाच्या पिल्लाच्या गुदद्वाराच्या आत नराला अतिशय सूक्ष्म उंचवटा असतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात ही रीत विकसित केली. सरावलेला तज्ज्ञ तासाला शेकडो पिल्ले तपासू शकतो. मात्र हे काम दीर्घ प्रशिक्षणाचे आहे. अननुभवी हाताच्या दाबाने पिल्लू जखमी होते, मरतेही. घरी हा प्रयोग मुळीच करू नये.

दुसरी रीत रंगाची. ती समजण्यासाठी थोडे आनुवंशशास्त्र पाहू. माणसांत बाळाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पक्ष्यांत ते मातेवर ठरते. कोंबड्यात दोन 'झेड' गुणसूत्रे असतात, तर कोंबडीत एक 'झेड' व एक 'डब्ल्यू'. आई आपले 'झेड' फक्त मुलांना देते. आता ऱ्होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेदार प्लायमाऊथ रॉकची कोंबडी यांचा संकर घ्या. पट्ट्यांचा गुण 'झेड'वर असल्यामुळे तो आईकडून केवळ मुलांकडे जातो. सर्व पिल्ले काळी निघतात, परंतु नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो आणि माद्यांच्या डोक्यावर तो नसतो. जोडी उलट केली, म्हणजे कोंबडा पट्टेदार घेतला, तर सगळीच पिल्ले ठिपक्याची होतात आणि खूण निरुपयोगी ठरते. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी संकरांतही हेच तत्त्व वापरतात. तेथे मादी पिल्ले तांबूस आणि नर फिकट पिवळे असतात.

तिसरी रीत पंखांची. काही खास संकरांत पहिल्या एक-दोन दिवसांत पंख उलगडून पाहिले तर मादीची मुख्य पिसे त्यांवरील आच्छादक पिसांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात. नराची सारखी किंवा आखूड असतात. ही खूण फक्त त्याच हेतूने जुळवलेल्या संकरांत लागू पडते. गावठी पिल्लांचे पंख पाहून निष्कर्ष काढू नये.

गावठी पिल्लांच्या बाबतीत धीर धरावा. चार ते सहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो, पाय जाड दिसतात. साधारण तिसऱ्या महिन्यात नराच्या मानेवर व शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसे येतात. तलंगेची पिसे गोल टोकाची राहतात.

मग मावशींची सगळीच पिल्ले नर कशी निघाली? अंड्यांसाठीच्या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी लवकर वाढतही नाहीत. म्हणून उबवणी केंद्रांत नर-मादी वेगळी केल्यावर नर नकोसे होतात. जगभर अशी पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. आपल्याकडे त्यांतील काही रंगवून रस्त्यावर स्वस्तात विकली जातात. मावशींनी घेतलेली पिल्ले याच मार्गाने आलेली असावीत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्ले मारण्यास बंदी केली आहे. आता अंडे उबत असतानाच कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून आतील द्रवावरून लिंग ओळखण्याच्या पद्धतीही वापरात आल्या आहेत.

४. आईच्या पंखांऐवजी

पिल्लाला लव असते, पिसे नसतात; त्यामुळे पहिले काही आठवडे ते स्वतःचे शरीर उबदार ठेवू शकत नाही. कोंबडी त्याला पंखाखाली घेते. विकत आणलेल्या पिल्लाला ती माया आपणच पुरवावी लागते.

पिल्ले येण्यापूर्वीच जागा तयार ठेवावी. कोरड्या जमिनीवर भाताच्या तुसाची सुमारे ५ सेंटिमीटर जाड गादी पसरावी. नुसते गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरल्यास पाय घसरून फाकतात. भोवती सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कुंपण करावे. कोपरे ठेवू नयेत, कारण कोपऱ्यात गर्दी करून पिल्ले गुदमरतात. मध्यभागी जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा टांगावा. प्रत्येक पिल्लामागे एक ते दोन वॅट हा हिशेब पुरेसा आहे. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. वीज गेल्यास बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिल्लेच नव्हे, माणसेही दगावतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते कमी करत जावे. तापमापक नसला तरी पिल्लेच सर्व सांगतात. ती दिव्याखाली दाटीने बसून ओरडत असतील तर थंडी आहे. दिव्यापासून दूर, चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता फार आहे. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर कोठून तरी वारा येतो आहे. सर्वत्र पसरून निवांत टिपत असतील तर ऊब योग्य आहे.

अंड्यातील बलकाचा उरलेला अंश पोटात असल्याने पिल्लू पहिले दोन दिवस अन्नावाचून तग धरते. तरीही आणल्याबरोबर आधी कोमट पाणी द्यावे. प्रत्येकाची चोच एकदा पाण्याला लावावी. त्यानंतर खाद्य द्यावे. पाण्याचे भांडे उथळ असावे, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

चार आठवड्यांपर्यंत प्रत्येक पिल्लाला सुमारे अर्धा चौरस फूट, आठ आठवड्यांपर्यंत एक आणि मोठ्या पक्ष्याला दोन चौरस फूट जागा लागते. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लखनौसारख्या ठिकाणी मे-जूनमधील कडक ऊन थेट आत येत नाही. जाळी मुंगूस व मांजर शिरणार नाही इतकी बारीक असावी. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरोची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. नवे पक्षी जुन्यांपासून काही दिवस वेगळे ठेवावेत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव आढळला, तेव्हा अनेक पालकांना आपले सारे पक्षी गमवावे लागले. स्वच्छतेत आणि दक्षतेत कसूर करू नये, हाच त्याचा धडा.

पुढच्या वर्षी मावशींनी पुन्हा पिल्ले घेतली. या वेळी त्यांनी थंडी सरण्याची वाट पाहिली, उबवणी केंद्रात जाऊन जात व वय विचारले, आणि सरमिसळ पिल्ले असल्याने निम्मे नर निघणार हे हिशेबात धरले. वीस पिल्लांतील दोन गेली. अठरांपैकी दहा तलंगा निघाल्या. पहिले अंडे त्यांनी आम्हांला आणून दाखविले. तळहातावर ते अजून उबदार होते.

शब्दार्थ

तलंग – अंडी घालण्यास सुरुवात न केलेली तरुण कोंबडी. खुराडे – कोंबड्यांचे घर. लव – मऊ, बारीक केस. दगावणे – मरणे. कसूर – हयगय.

भाषाभ्यास

मराठीत अनेक प्राण्यांच्या पिल्लांची नामे नपुंसकलिंगी असतात : वासरू, रेडकू, करडू, कोकरू, शिंगरू, पाडस. माणसाच्या बाबतीतही 'मूल' व 'लेकरू' ही नामे नपुंसकलिंगीच आहेत. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हणही लक्षात ठेवा. सत्य लपवले तरी योग्य वेळी ते उघड होते, असा तिचा अर्थ आहे.

पाठगत प्रश्न

१. पिल्ले एकाच बाजूला गर्दी करून बसली, तर त्यावरून काय समजावे?
२. पट्टेदार कोंबडीचा पट्ट्यांचा गुण मुलींकडे का जात नाही?
३. गोल कुंपणाचे कारण कोणते?

स्वाध्याय

१. मावशींच्या पहिल्या व दुसऱ्या खरेदीतील फरक आठ-दहा ओळींत लिहा.
२. वरील म्हण मावशींच्या पहिल्या अनुभवाला कशी लागू पडते, ते स्पष्ट करा.
३. पंचवीस पिल्लांसाठी चौथ्या आठवड्यापर्यंत किती जागा व किती वॅटचा दिवा लागेल, याचा हिशेब मांडा.
४. तुमच्या परिसरातील पक्षी किंवा गुरे पाळणाऱ्या व्यक्तीशी बोला व तिच्या बोलीतील पिल्लांची नावे लिंगांसह लिहून काढा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. कोठून तरी वारा येत आहे. २. तो गुण 'झेड' गुणसूत्रावर असतो आणि आई आपले 'झेड' फक्त मुलांना देते. ३. कोपऱ्यात गर्दी होऊन पिल्ले गुदमरू नयेत म्हणून.