साबुदाणा, कीटो आणि आईच्या गोळ्या

गुरुग्राममध्ये आजारावरचा सल्ला मागावा लागत नाही, तो लिफ्टमध्येच मिळतो. आईला पार्किन्सन्स आहे आणि ती साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलीय, हे सोसायटीत कळायचा अवकाश, "आंटीजी को कीटो पे डाल दो" सुरू झालं. कुणी सोळा तासांचा उपास सुचवला, कुणी खोबरेल तेल. या सगळ्याची शहानिशा करताना आणि रोजचा स्वयंपाक सांभाळताना जे हाती लागलं, ते असं.

१. आपल्या उपासाचा आणि कीटोनचा फारसा संबंध नाही. आई म्हणाली, "मला कसला उपास शिकवतेस गं? सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं झालंय करून." झालंय खरं, पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस. एकादशी दुप्पट खाशी हे काही उगाच म्हणत नाहीत. इथल्या नवरात्रातल्या कुट्टूच्या पुऱ्या आणि सामक के चावल यांचीही तीच गत. यकृत चरबीपासून भरपूर कीटोन, म्हणजे ग्लुकोजऐवजी चालणारं इंधन, बनवायला लागतं ते पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळून दिवसाला साधारण २० ते ५० ग्रॅमवर आले की. दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला की तो हिशेब संपला.

२. कीटोची कल्पना मात्र खुळचट नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास. तो फक्त ग्लुकोजवर चालतो असं मानलं जाई. १९६७ मध्ये जॉर्ज कॅहिल आणि सहकाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की मेंदूचं बरंचसं इंधन कीटोनच पुरवत होते. अल्झायमर्समध्ये मेंदूच्या काही भागांत ग्लुकोज कमी वापरलं जातं, कीटोन घेण्याची क्षमता मात्र बरीचशी टिकून असते. बरीचशी आशा या निरीक्षणावर उभी आहे, आणि ते निरीक्षण पक्कं आहे.

३. कुठल्या आजाराचा पुरावा कुठल्या आजाराला चिकटवला जातोय, हे बघावं. कीटो आहार १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवला तो फिट्ससाठी. आपल्याकडचा चांगला पुरावाही फिट्सचाच. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १०२ मुलांवर सुधारित ॲटकिन्स आहाराची, म्हणजे कीटोच्याच सैल प्रकाराची, चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी, आहार घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ११.५ टक्के. लिफ्टमधला "कीटो से ब्रेन ठीक होता है" हा सिद्धांत बहुधा असल्या आकड्यांतूनच निघालेला असतो. पण फिट येणं वेगळं आणि पेशी झिजत जाणं वेगळं.

पार्किन्सन्सवर २००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. २८ दिवस आहार पाळून तो पूर्ण करणारे रुग्ण पाच, आणि तुलनेला दुसरा गट नाहीच. न्यूझीलंडमध्ये वायकाटोला २०१८ मध्ये जरा नीट काम झालं: ४७ रुग्ण, आठ आठवडे, अर्ध्यांना कीटो आणि अर्ध्यांना कमी चरबीचा आहार. हालचाली दोन्ही गटांत सुधारल्या. हालचालींखेरीजच्या तक्रारी कीटोवाल्यांच्या अधिक कमी झाल्या, मात्र मधूनमधून कंप आणि ताठरपणा वाढल्याची तक्रारही त्यांचीच. त्याच संशोधकांच्या २०२१ मधल्या अल्झायमर्सच्या चाचणीत २६ रुग्ण होते. रोजचे व्यवहार आणि जगण्याची प्रत सुधारली, स्मृती-आकलनाच्या चाचणीतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. मला हे आकडे निराश करत नाहीत. पण एवढ्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाईची भाकरी तोडायला मी तयार नाही.

आमच्या जिल्ह्यातच, मानेसरला, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रवत मंडल यांच्या गटानं अल्झायमर्सच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लुटाथिऑन हे एकच द्रव्य मोजायला कितीतरी काम केलं आणि ते हिप्पोकॅम्पसमध्ये घटल्याचं दाखवलं. कमी आहे हे कळलं तरी ते भरून दिल्यानं रुग्ण सुधारतो का, यासाठी चाचणी वेगळीच करावी लागते. लिफ्टमध्ये एवढा वेळ नसतो.

४. गोळी आधी, ताट नंतर. आईच्या गोळीतलं लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरतं ते ज्या वाटेनं प्रथिनांतली अमिनो आम्लं जातात त्याच वाटेनं. गोळीबरोबर पनीर भुर्जी दिली की औषध मागे पडतं आणि आईचे पाय जमिनीला खिळतात. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि दही-पनीर-डाळीचा मोठा वाटा रात्री, हे डॉक्टरांनी बसवून दिलं. गंमत अशी की कीटोबद्दल बोलणाऱ्या एकानंही गोळीची वेळ विचारली नव्हती.

५. वजनकाटा घरात हवाच. पार्किन्सन्समध्ये वजन तसंही उतरतं, त्यात उपास लादले तर चरबीबरोबर स्नायूही जातात. एएलएससारख्या चेतापेशी झिजवणाऱ्या आजारात तर वजन घटणं हे लक्षणच वाईट. शिवाय कीटोच्या सुरुवातीला शरीरातून पाणी आणि मीठ बाहेर पडतं. आईचा रक्तदाब आधीच उठताना कोसळतो. बाथरूममध्ये पडून खुबा मोडला तर कीटोन काय करणार? बद्धकोष्ठ आहेच, आणि फळं-धान्यं तोडली की ते वाढतं.

६. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची औषधं आणि कीटो एकत्र आले, तर साखर फारशी न वाढताही रक्त धोकादायक आम्लधर्मी होऊ शकतं. घरच्या ग्लुकोमीटरवर ते दिसत नाही.

७. आहार कागदावर आहारतज्ज्ञ लिहितो, रांधते दुसरीच. फुलकोबीचा भात मी एकदा करून पाहिला. आई म्हणाली, "याला भात म्हणायचं असेल तर मग आमटीला काय म्हणणार?" खोबरेल तेलाचा बोलबाला मोठा, पण त्यात लॉरिक आम्लच जास्त, आणि त्यापासून कीटोन फारसे बनत नाहीत. कीटोन लवकर बनतात ते आठ कार्बनांच्या कॅप्रिलिक आम्लापासून, आणि त्यावर बेतलेलं पेयही अल्झायमर्सच्या ४१३ रुग्णांच्या चाचणीत उपयोगी ठरलं नाही. खोबरं आमच्याकडे चटणीपुरतं राहिलं.

८. आम्ही ठेवलंय ते एवढंच: रात्रीचं जेवण साडेसातला, मग सकाळपर्यंत पाणी आणि गोळ्या. चहात साखर अर्धी. भाकरीवर तूप. चतुर्थीला आई अजूनही उपास धरते, पण गोळ्या वेळेवर घेते, आणि खिचडीत दाण्याचं कूट किती घालायचं यावरून आमचं वाजतंच. दाण्यात प्रथिनं असतात म्हणून मी हात आखडता घेते, ती वाटी ओढून घेते.