आवाज मोठा, ओढ छोटी



गेल्या शनिवारी वर्ग सुटला तेव्हा एक मोटारसायकल कानठळ्या बसवत समोरून गेली. एका विद्यार्थ्याने विचारले, "काका, जास्त आवाज म्हणजे जास्त ताकद ना?" आम्ही हसलो, पण मनातून थोडे ओशाळलो. कारण याच समजुतीपायी आम्ही एकदा घाटात अडकलो होतो.

साल १९९९. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात असताना आम्हा दोघा मित्रांना एकाच्या काकांची जुनी बुलेट वापरायला मिळाली. आम्ही तिचा मूळ सायलेन्सर काढला आणि आखूड, आतून मोकळा नळकांडा बसवला. आवाज गल्लीभर! पुढच्याच आठवड्यात रत्नागिरीहून परत येताना आंबा घाट लागला. गाडीवर दोघे, शिवाय सामान. एका वळणावर गाडीने दम टाकला, इंजिन बंद पडले आणि गाडी मागे सरकू लागली. मागे ट्रक होता. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक लावला म्हणून निभावले.

टॉर्क म्हणजे काय?
दार कडीजवळ ढकलले तर सहज उघडते, बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते. जोर आणि अंतर यांच्या गुणाकाराने जी फिरवण्याची ताकद मिळते, ती टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आपल्याकडचे मिस्त्री त्यालाच 'ओढ' म्हणतात. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. असे लांब धावेचे इंजिन कमी फेऱ्यांतच चांगली ओढ देते. चढाला तीच हवी असते, आणि तीच आम्ही घालवून बसलो होतो.

ओढ गेली कुठे?
जळालेला वायू बाहेर पडताना नळीतून दाबाची एक लाट धावते. नळीच्या उघड्या टोकाशी ती उलटते आणि ओढून घेणारी लाट होऊन इंजिनकडे परत येते. एका चक्रात थोडा वेळ इंजिनच्या आत घेणारी आणि बाहेर सोडणारी, अशा दोन्ही झडपा उघड्या असतात. लाट नेमकी तेव्हा परतली, तर उरलेला धूर बाहेर खेचते आणि ताजे मिश्रण आत येते. झोपाळ्याला योग्य क्षणी झोका द्यावा, तसेच हे.

आता गणित. गरम वायूत लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरू. लाटेने फेरीच्या एक तृतीयांश वेळात परत यावे, असे समजू.

मिनिटाला ६,००० फेऱ्या: एक फेरी ०.०१ सेकंद. तृतीयांश ०.००३३ सेकंद. लाट जाऊन-येऊन १.६७ मीटर धावते, म्हणून नळी सुमारे ०.८३ मीटर.

मिनिटाला ३,००० फेऱ्या: वेळ दुप्पट, म्हणून नळीही दुप्पट, सुमारे १.६७ मीटर.

म्हणजे कमी फेऱ्यांना लांब नळी हवी. आमची आखूड नळी अशा फेऱ्यांसाठी होती, जिथे बुलेट फारशी जातच नाही. घाटात लाट वेळेआधीच परतत होती, आणि तिच्यामागून येणारी उलटी लाट धूर पुन्हा आत ढकलत होती. शिवाय नळी रुंद, त्यामुळे वायूचा वेगही मंदावला.

पुष्कळ लोक म्हणतात, "इंजिनला उलटा दाब लागतो." ते खरे नाही. दाबाने अडथळाच होतो. लागते ती योग्य वेळ आणि वायूचा वेग.

ओढ परत कशी आणली?
सांगलीच्या एका मिस्त्रींनी तीन कामे केली.
१. मूळ लांब, अरुंद नळी आणि आत जाळी असलेला सायलेन्सर पुन्हा बसवला.
२. इंजिन आणि नळी यांच्या सांध्याचे गळके गॅस्केट बदलले. तिथून हवा शिरली की अॅक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज येतो.
३. स्पार्क प्लग काढून पाहिला. तो पांढरट होता, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. कार्बोरेटर जुळवल्यावर प्लग कॉफीच्या रंगाचा झाला.

पुन्हा त्याच घाटात गेलो. गाडी कुरकुर न करता चढली.

कमी फेऱ्यांना जे मानवते, ते जास्त फेऱ्यांना आड येते. म्हणून यामाहाने १९८० च्या दशकात एक्झॉस्टच्या नळीत आपोआप उघडझाप करणारी झडप आणली. गाडी हळू असताना वाट अरुंद, वेगात असताना मोकळी.

पालकांसाठी एक गोष्ट: सिंगापुरात एक्झॉस्ट बदलण्यावर आवाजाचे आणि धुराचे नियम आहेत. आधी ते पाहावेत, मगच पान्याला हात लावावा.

शब्दार्थ
ओढ: खेचण्याची ताकद
दम टाकणे: थकून थांबणे
दट्ट्या: सिलिंडरमध्ये खालीवर होणारा भाग
ओशाळणे: मनातून लाज वाटणे

घरी करून पाहा
१. मिनिटाला ४,००० फेऱ्यांसाठी नळीची लांबी काढा.
२. लांब आणि आखूड बासरीत खालचा सूर कोणती देते? का?
३. 'दम टाकणे' आणि 'दम देणे' यांतला फरक आजी-आजोबांना विचारून दोन वाक्ये लिहा.