जपानी भाषक मुलांमधील विकासात्मक भाषाविकार : स्वरूप, निदान आणि साहाय्य

१. प्रास्ताविक

मातृभाषा मुलाला शिकवावी लागत नाही, ती त्याला येते, हे गृहीतक भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात इतके रूढ झाले आहे की, ज्या मुलांना ती सहजपणे येत नाही त्यांचा विचार बहुधा वैद्यकाकडे सोपवला जातो. वस्तुतः अशी मुले भाषेच्या रचनेविषयी अभ्यासकाला पुष्कळ काही सांगू शकतात. उलटपक्षी, त्या त्या भाषेच्या रचनेचे नेमके वर्णन हाती नसेल, तर या मुलांची अडचण ओळखताही येत नाही. या परस्परावलंबनाचे जपानी हे बोलके उदाहरण होय. जपानी भाषक मुलांमध्ये हा विकार कोणत्या रूपाने प्रकट होतो, तो नजरेतून का सुटतो आणि त्यावर कोणते साहाय्य शक्य आहे, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. संज्ञा आणि संकल्पना

मूल नीट ऐकू शकते, मेंदूला इजा झालेली नाही, घरात बोलणारी माणसे आहेत. तरीही शब्द उशिरा येतात, वाक्ये तुटक राहतात आणि ऐकलेल्या वाक्याचा अर्थ निसटतो. या अवस्थेला पूर्वी ‘विशिष्ट भाषादोष’ म्हटले जाई. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजी भाषक देशांतील तज्ज्ञांनी २०१६ व २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मतैक्यानंतर ‘विकासात्मक भाषाविकार’ ही संज्ञा स्थिरावली. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही तीच आढळते. जपानीत तिला ‘हात्तात्सुसेइ गेंगो शोगाइ’ असा पर्याय आहे.

हा बदल केवळ नावाचा नाही. पूर्वी मुलाची भाषिक क्षमता आणि भाषेतर बुद्धी यांत मोठी तफावत दिसली, तरच निदान होत असे. आता तशी अट राहिलेली नाही. अवधानाच्या अडचणी सोबत असल्या म्हणून भाषाविकार नाकारला जात नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात टॉम्ब्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बालवाडीच्या वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांत हा विकार आढळला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन मुले. या विकाराचा कल अनेकदा कुटुंबात आनुवंशिक असतो. आईवडिलांचे दुर्लक्ष किंवा घरातील दोन भाषा ही त्याची कारणे नव्हेत.

३. भाषेची रचना आणि विकाराचे रूप

या विकाराची लक्षणे प्रथम इंग्रजी मुलांच्या आधारे निश्चित झाली. क्रियापदाचा काळवाचक किंवा तृतीयपुरुषी प्रत्यय गाळून नुसता धातू वापरणे, हे इंग्रजीतील ठळक लक्षण. जपानीत हे लक्षण दिसणेच शक्य नाही. ‘खाणे’ या अर्थाचे ‘ताबे-’ हे अंग वाक्याच्या शेवटी एकटे उभे राहत नाही. ते ‘ताबेरु’ किंवा ‘ताबेता’ असेच येते. ‘लिहिणे’ या अर्थाचा ‘काक्-’ हा धातू व्यंजनान्त असल्याने तो नुसता उच्चारणेही भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत बसत नाही. पुरुष व वचन यांनुसार जपानी क्रियापद बदलत नाही, त्यामुळे अन्वितीची चूक संभवत नाही. इंग्रजीवरून बेतलेली कसोटी लावली, तर जपानी मूल निर्दोष ठरेल आणि त्याची खरी अडचण तशीच राहील.

मग ही अडचण कोठे दिसते? पहिले स्थान विभक्तिदर्शक निपातांचे. ‘इनु गा नेको ओ ओइकाकेता’ म्हणजे ‘कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला’. येथे ‘गा’ कर्ता दाखवतो आणि ‘ओ’ कर्म. निपात शाबूत असल्याने ‘नेको ओ इनु गा ओइकाकेता’ असा क्रम बदलला, तरी अर्थ तोच राहतो. मात्र हे कळण्यासाठी मुलाने निपाताकडे लक्ष द्यावे लागते. पहिले नाम म्हणजे कर्ता, असा आडाखा बांधणारे मूल दुसरे वाक्य उलट समजते. सर्वसामान्य मुलेही लहान वयात अशी चूक करतात. भाषाविकार असलेल्या मुलांत ती दीर्घकाळ टिकते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती जपानी बोलीत ‘ओ’ सर्रास गाळला जातो. ‘गोहान ताबेरु’, म्हणजे ‘भात खातो’, हे वाक्य सर्वथा स्वाभाविक आहे. म्हणून निपात गाळणे हे स्वतः लक्षण नव्हे. चुकीच्या जागी चुकीचा निपात येणे हे लक्षण होय. बोलीचे वर्णन ठाऊक नसलेला परीक्षक पहिल्याला दोष समजेल आणि दुसरा त्याच्या लक्षातही येणार नाही.

दुसरे स्थान संयुक्त क्रियारूपांचे. जपानी धातूला प्रत्ययामागून प्रत्यय जोडले जातात : ‘ताबेरारेता’ म्हणजे ‘खाल्ला गेला’, ‘ताबेसासेता’ म्हणजे ‘खायला लावले’ आणि ‘ताबेसासेरारेता’ म्हणजे ‘(कोणाला तरी) खायला लावले गेले’. कर्मणी रचनेत ‘नेको गा इनु नि ओइकाकेरारेता’ म्हणताना पूर्वीचे कर्म ‘गा’ घेते आणि पूर्वीचा कर्ता ‘नि’ घेतो. हाच ‘नि’ प्रयोजक रचनेत ज्याच्याकडून क्रिया करविली त्याला लागतो, दान घेणाऱ्यालाही लागतो आणि स्थळही दाखवतो. म्हणजे मुलाला प्रत्यय आणि निपात यांची अदलाबदल एकाच वेळी सांभाळावी लागते. सुझी फुकुदा आणि शिंजी फुकुदा यांनी १९९० च्या दशकापासून केलेल्या अभ्यासांत कर्मणी व प्रयोजक रचना या मुलांना विशेष जड जातात, असे दिसून आले.

तिसरे उदाहरण ध्वनिनियमाचे आहे. सामासिक शब्दात उत्तरपदाचे आद्य कठोर व्यंजन मृदू होते : ‘ओरि’ आणि ‘कामि’ मिळून ‘ओरिगामि’. या संधीला ‘रेन्दाकु’ म्हणतात. परिचित समासांत भाषाविकार असलेली मुले योग्य रूप उच्चारतात, पण अपरिचित समासांत तोच नियम लावणे त्यांना कठीण जाते. तयार शब्द स्मरणात राहिला, परंतु त्यामागील नियम हाती लागला नाही, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. नेमका हाच भेद नेहमीच्या संभाषणात झाकला जातो, कारण संभाषण बव्हंशी परिचित शब्दांवर चालते.

४. निदान आणि व्यवस्था

जपानमध्ये १९६५ च्या माता-बालआरोग्य कायद्यान्वये दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांची आरोग्यतपासणी नगरपालिका करतात. शब्दच न येणारे मूल या टप्प्यांवर लक्षात येते. परंतु ‘ओ’च्या जागी ‘गा’ वापरणारे, कर्मणी वाक्य उलट समजणारे मूल तीन वर्षांपर्यंत इतरांहून फारसे वेगळे दिसत नाही. अडचण शाळेत, लिखित भाषेच्या वेळी उघडी पडते. तोवर ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ असे शेरे त्याच्या वाट्याला आलेले असतात. त्याच्या अपयशाची जबाबदारी त्याच्यावरच येते, हे या विकाराचे सर्वांत दुःखद अंग आहे.

कायद्याची चौकट मात्र उपलब्ध आहे. विकासात्मक विकलांगतांसंबंधीचा २००४ चा कायदा २००५ मध्ये लागू झाला. त्याच्या मूळ व्याख्येत भाषाविकाराचा नामनिर्देश नसला, तरी त्याखालील शासकीय आदेशात तो समाविष्ट आहे. १९९७ च्या कायद्याने वाक्-श्रवण उपचारतज्ज्ञाच्या व्यवसायाला राष्ट्रीय मान्यता मिळाली आणि १९९९ मध्ये पहिली राष्ट्रीय परीक्षा झाली. शाळांतील ‘कोतोबा नो क्योशित्सु’, म्हणजे ‘भाषेचा वर्ग’, ही परंपरा त्याहून जुनी आहे. मूल आपल्याच वर्गात राहून आठवड्यातील काही तास या वर्गात जाते. या पद्धतीला १९९३ मध्ये औपचारिक रूप मिळाले आणि २०१८ पासून ती उच्च माध्यमिक शाळांनाही लागू झाली.

परभाषक मुलांचा प्रश्न वेगळा आहे. १९९० च्या स्थलांतरविषयक कायदादुरुस्तीनंतर ब्राझीलमधून अनेक जपानी वंशाची कुटुंबे आली. तोक्योच्या निशी-कासाइ भागात भारतीय कुटुंबांची वस्ती आहे. अशा घरातील मुलाचे जपानी अपुरे असेल, तर तो विकार की दुसरी भाषा शिकण्याचा स्वाभाविक टप्पा, हे केवळ जपानी चाचणीवरून ठरवता येत नाही. विकार असेल तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो; म्हणून घरच्या भाषेची माहिती घेणे अपरिहार्य ठरते.

५. साहाय्य

साहाय्याचे मुख्य सूत्र असे की, मुलाला जी रचना जड जाते ती त्याला अर्थपूर्ण प्रसंगात, पुनःपुन्हा आणि स्पष्टपणे ऐकायला मिळावी. पाठलाग होत असलेल्या मांजराचे चित्र पाहून मूल ‘नेको गा ओइकाकेता’ म्हणाले, तर ‘चुकले’ न म्हणता शिक्षक ‘सो ने, नेको गा इनु नि ओइकाकेरारेता ने’ असे पूर्ण वाक्य परत देतो. मुलाचा आशय जपला जातो आणि रूप दुरुस्त होते. बाहुल्या हातात देऊन कोण कोणाला ढकलतो, हे करून दाखवण्यास सांगितल्यास निपाताला दृश्य आधार मिळतो. ‘देणे’ या अर्थाच्या ‘आगेरु’ व ‘कुरेरु’ या क्रियापदांतील भेद बोलणाऱ्याच्या दृष्टिकोनावर अवलंबून असल्यामुळे तो व्याख्येने कळत नाही. भूमिका बदलून खेळल्याने कळतो. वर्गशिक्षकाने लांब सूचना लहान वाक्यांत विभागणे, फळ्यावर क्रम लिहिणे आणि उत्तरासाठी अधिक वेळ देणे, हे उपायही तितकेच मोलाचे आहेत. असे साहाय्य म्हणजे विकार नाहीसा करणे नव्हे. तो प्रौढपणीही राहू शकतो. परंतु शिकण्याची वाट मोकळी ठेवता येते.

६. समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते : विकार एक असला, तरी त्याचा चेहरा भाषेगणिक बदलतो. मराठीही जपानीप्रमाणे क्रियापदान्त आहे आणि नामांच्या मागून येणारी संबंधदर्शक चिन्हे वापरते. पण लिंगवचनानुसार होणारी अन्विती, सामान्यरूप आणि ‘ने’ प्रत्ययाची कर्त्याशी बांधलेली रचना जपानीत नाही. म्हणून इंग्रजीची लक्षणसूची जशी जपानीला अपुरी पडली, तशी जपानीची सूचीही मराठीला पुरणार नाही. मराठी मूल कोठे अडखळते, हे मराठीच्या वर्णनावरूनच ठरवावे लागेल. व्याकरणाचा अभ्यास वर्गातल्या मागच्या बाकावरील अबोल मुलापर्यंत पोहोचतो, हे जपानी उदाहरणाने दाखवून दिले आहे.