फिल्टर आहे, पण कँडल कधी बदलली?

पावसाळ्यात जुलाब, विषमज्वर आणि काविळीचे रुग्ण वाढतात. ‘डॉक्टर, आमच्याकडे फिल्टर आहे, मग आजार कसा झाला?’ असे अनेकजण मला विचारतात. त्यावर मी विचारतो, ‘आतली कँडल शेवटची कधी बदलली?’ बहुतेकांना ते आठवत नाही.

वाचकहो, फिल्टर म्हणजे एक प्रकारची बारीक गाळणी. कँडलच्या सूक्ष्म छिद्रांत गाळ आणि बरेचसे जिवाणू अडकतात. कँडल आठवड्यातून एकदा वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी. साबण लावू नये. तडा गेला किंवा घासून ती पातळ झाली, की बदलावी. काविळीचे विषाणू मात्र इतके सूक्ष्म असतात, की ते चांगल्या कँडलमधूनही पार होऊ शकतात.

विजेच्या यंत्रातील कार्बन क्लोरीन व वास शोषून घेतो. त्याची क्षमता संपली, की हे काम थांबते आणि त्यावर जंतू वाढू शकतात. अतिनील किरणांचा दिवा निळसर पेटलेला दिसला, तरी कालांतराने त्याची शक्ती घटते. म्हणून हे भाग माहितीपत्रकातील मुदतीत बदलावेत व बदलल्याची तारीख यंत्रावर चिकटवावी.

बोअरच्या जड पाण्यासाठी काही घरांत रेझिनचे यंत्र असते. रेझिन कॅल्शियम व मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम सोडते. साबणाला फेस येईनासा झाला, की ते मिठाच्या पाण्याने पुन्हा भारावे लागते. मीठ कमी करण्याचा सल्ला मिळालेल्या रक्तदाबाच्या रुग्णांनी हे पाणी पिण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुकानाच्या काचा धुण्यासाठी वेगळ्या प्रकारच्या रेझिनने जवळजवळ सर्व क्षार काढतात, म्हणून काचेवर पांढरे डाग राहत नाहीत. टीडीएस मीटर शून्य दाखवतो, मग हे पाणी प्यायला काय हरकत? हरकत आहे. हा मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्याला जंतू दिसत नाहीत. रेझिनही जंतू मारत नाही.

शंका असेल तेव्हा पाणी गाळून उकळावे. खळखळून उकळी आल्यावर किमान 1 मिनिट तसेच ठेवावे. मग झाकून थंड करावे आणि दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. पाण्यात बोटे बुडाली, तर केलेली सारी मेहनत वाया जाते.